लहानपणी व्हीसीआरवर बघितलेला मंगळवाल्यांचा सिनेमा ओळखा, आणि सोसायटीत दाखवायला असेच जुने कमी खर्चातले एलियन सिनेमे सुचवा

कारेलीबागकर:

नमस्कार मंडळी, दोन गोष्टी विचारायच्यात आणि दोन्ही एकमेकांत अडकल्यात म्हणून एकाच धाग्यात टाकतोय.

पहिली. साल ८७ किंवा ८८. आम्ही तेव्हा बडोद्याला दांडिया बाजारात वाड्यात राहायचो. सुट्टीत वरच्या मजल्यावरचे काका भाड्याने व्हीसीआर आणायचे आणि रात्रभर तीन-चार कॅसेटी चालायच्या. एकदा त्यात एक इंग्रजी सिनेमा आला, मोठी माणसं पाच मिनिटांत झोपली आणि आम्ही चार पोरं बघत बसलो. इंग्रजी अजिबात कळत नव्हतं. माझ्याच वयाचा एक मुलगा रात्री खिडकीतून बघतो तर घरामागच्या टेकडीपलीकडे तबकडी उतरते आणि जमिनीत गडप होते. सकाळी त्याचे बाबा बघायला जातात, कुंपणाच्या कडेने एक वाट वर जाते, तिथे वाळूला भोक पडतं आणि ते आत ओढले जातात. परत येतात ते वेगळेच होऊन. चेहरा तोच पण डोळ्यात ओळख नाही, मुलाला फाडकन मारतात. मानेवर मागच्या बाजूला लाल खूण. नंतर आईचंही तेच होतं.

माझे बाबा तेव्हा शिफ्टला जायचे, नाइट करून सकाळी साडेसातला यायचे, दमलेले असायचे, जास्त बोलायचे नाहीत. तो सिनेमा बघितल्यावर कितीतरी दिवस, ते झोपले की मी हळूच पलंगामागे जाऊन त्यांची मान बघायचो. हे आजपर्यंत घरात कुणाला सांगितलेलं नाही. सिनेमाचं नाव माहीत नाही. रंगीत होता हे नक्की, आणि हिरवी उंच माणसं होती.

दुसरी गोष्ट. आमच्या सोसायटीत यंदा कोजागिरीला पार्किंगमध्ये पडदा लावून सिनेमा दाखवायचं ठरतंय. मुलं ८ ते १५ वयाची, शिवाय आजी-आजोबा. मी सुचवलं की अमेरिकेत लोक गाडीत बसून ड्राइव्ह-इनला जे स्वस्तातले एलियनचे सिनेमे बघायचे ते दाखवूया. तर कमिटीतले एकजण म्हणाले, ते सगळे फालतू, हसायला ठीक आहेत. मला हसायला म्हणून दाखवायचेच नाहीयेत. चाळीस वर्षं होत आली तरी मला ती वाळू आठवते, म्हणजे बनवणाऱ्याने काहीतरी नीट केलंच असणार ना. कुठले दाखवावे, कुठल्या क्रमाने, आणि मुलांना आधी काय सांगावं?

तबकडी१९४७:

पहिल्याचं उत्तर लगेच देतो, हा ‘इन्व्हेडर्स फ्रॉम मार्स’, १९५३. शंभर टक्के तोच. दिग्दर्शक विल्यम कॅमेरॉन मेन्झीस, हा माणूस मुळात कलादिग्दर्शक, ‘गॉन विथ द विंड’च्या सगळ्या दृश्यरचनेमागे तोच होता. इथे त्याच्या हातात पैसा फार थोडा, म्हणून त्याने काय केलं बघा, पोलीस स्टेशन दाखवायचं तर भिंती नुसत्या पांढऱ्या, उंचच उंच, सामान जवळजवळ नाहीच, आणि एका टोकाला टेबलामागे पोलीस. कॅमेरा खाली ठेवलेला. मोठ्या माणसाला ते अर्धवट सेट वाटेल पण आठ वर्षांच्या पोराला पोलीस स्टेशन असंच दिसतं ना, मोठं आणि रिकामं. सगळा सिनेमा त्या मुलाच्या उंचीवरून आहे. तुम्हाला भाषा न कळता तो कळला तो त्यामुळेच असं मला वाटतं.

त्यात उणिवा आहेत आणि मुलं त्या पकडणार हे धरून चाला. हिरव्या मंगळवाल्यांच्या पाठीवरची चेन दिसते. बोगद्यात पळतानाचे तेच तेच शॉट परत परत वापरलेत, काही तर उलटे करून. तरी सुद्धा टेकडी, कुंपण आणि ती वाट, एवढ्या एका सेटवर आजही अंगावर काटा येतो.

एक विचारतो, तुमच्या आठवणीत शेवट कसा आहे? मुलगा झोपेतून दचकून उठतो, सगळं स्वप्न होतं म्हणतो आणि परत खिडकीत तबकडी, असा? की नुसता सगळं संपल्यावर त्याला झोपवतात असा? कारण ब्रिटनमध्ये दाखवायला वेगळी आवृत्ती केली होती, तिथे स्वप्नाचा शेवट नको म्हणाले आणि वेधशाळेतला संवादांचा भागही वाढवला.

आता त्या काळाबद्दल थोडं सांगतो, ते मुलांना सांगायला उपयोगी पडेल. २४ जून १९४७ ला केनेथ अर्नल्ड नावाच्या वैमानिकाने माउंट रेनियरजवळ चकाकणाऱ्या नऊ वस्तू बघितल्याचं सांगितलं आणि वर्तमानपत्रांनी त्यांना उडत्या तबकड्या म्हटलं. ४८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मोठ्या स्टुडिओंना स्वतःची थिएटरं सोडायला लावली. आधी स्टुडिओ मोठ्या सिनेमाबरोबर स्वतःचाच एक छोटा सिनेमा जोडीला द्यायचे, ते हळूहळू बंद पडत गेलं आणि त्या जागी छोट्या कंपन्या घुसल्या. घरोघरी टीव्ही आल्यामुळे मोठी माणसं घरात बसली. थिएटरला जाणारी राहिली ती तरुण पोरं, आणि त्यांच्याकडे गाड्या होत्या. पहिलं ड्राइव्ह-इन १९३३ साली न्यू जर्सीत कॅमडेनजवळ निघालं होतं, पन्नासच्या दशकाच्या शेवटी शेवटी देशभर सुमारे ४,००० झाली. एका तिकिटात दोन सिनेमे. म्हणजे दर आठवड्याला माल लागणार. १९५४ मध्ये जेम्स निकल्सन आणि सॅम्युअल आर्कॉफ यांनी कंपनी काढली, तिचंच पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स झालं, आणि ते बऱ्याचदा आधी नाव आणि पोस्टर तयार करायचे, ते थिएटरवाल्यांना आवडलं की मग कथा लिहायला घ्यायची.

ह्या घाईत काय काय झालं त्याची उदाहरणं. एडगर उल्मरने १९५१ मध्ये ‘द मॅन फ्रॉम प्लॅनेट एक्स’ सहा दिवसांत उरकला. सेट नवीन नाहीत, १९४८ च्या ‘जोन ऑफ आर्क’साठी बांधलेले उभे होते तेच घेतले आणि त्यावर धुकं सोडलं. धुक्याने सेट झाकला गेला आणि स्कॉटलंडचा माळ पण झाला. हा सिनेमा बघताना पैसे कमी होते हे माहीत असेल तर आणखी मजा येते, माहीत नसेल तरी काही बिघडत नाही, ते धुकं स्वतःच इतकं चांगलं आहे.

दाखवायचे तर माझ्या मते ‘इन्व्हेडर्स फ्रॉम मार्स’ आणि त्यानंतर ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ (१९५६, डॉन सीगल). दोन्ही जेमतेम ऐंशी मिनिटांचे. दोन्हीत आपली माणसं बदलतात हीच भीती. दुसऱ्यात तर राक्षस, तबकडी, किरणं यातलं काहीच नाही, मोठ्या शेंगा आहेत आणि त्यातून माणसाची हुबेहूब प्रत निघते. शूटिंग तीन-साडेतीन आठवड्यांत संपलं होतं. लॉस एंजेलिसजवळच्या सिएरा माद्रे गावाच्या चौकात सकाळी लोक शांतपणे जमतात आणि ट्रकमधून आलेल्या शेंगा आपापल्या गाड्यांत भरून घेतात, तो प्रसंग बघा. खर्च काय तर भाजी मार्केटच्या एका सकाळएवढा. खंडेराव मार्केटला सकाळी टेम्पो खाली होताना मला दरवेळी तो आठवतो.

फतेहगंज_शिल्प:

मी फाइन आर्ट्समधून स्कल्प्चर केलंय आणि सध्या गणपतीच्या मूर्ती आणि नाटकांचे मुखवटे करते, त्यामुळे मला ह्या सिनेमांमध्ये फक्त एका माणसाबद्दल बोलायचंय, पॉल ब्लेसडेल. वरच्या पोस्टमध्ये कंपनीच्या मालकांची नावं आली पण त्यांचे बरेचसे राक्षस ज्याने घरात बसून केले त्याचं नाव आलं नाही म्हणून लिहितेय.

हा मूळचा चित्रकार, विज्ञानकथांच्या मासिकांना चित्रं करायचा. लॉस एंजेलिसजवळ टोपांगा कॅन्यनमध्ये राहायचा आणि तो आणि त्याची बायको जॅकी, दोघं मिळून फोमचे तुकडे कापून, चिकटवून, आतल्या लांब बनियन-पायजम्यावर थर चढवत सूट करायचे. आपण फेविकॉल एसआर लावून फोम जोडतो तसंच साधारण. पूर्ण साचा काढून लेटेक्स ओतायला पैसेही नसायचे आणि वेळही नसायचा. बऱ्याचदा त्या सूटच्या आत पण तो स्वतःच असायचा, त्या उकाड्यात. ज्यांनी कधी फोमचा मुखवटा घालून वीस मिनिटं काम केलंय त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते.

१९५६ चा रॉजर कॉर्मनचा ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’, त्यात शुक्रावरचा प्राणी आहे. कॉर्मनचं म्हणणं, तिथे गुरुत्व जास्त असणार म्हणून प्राणी बुटका आणि बसका पाहिजे. (खरं तर शुक्राचं गुरुत्व पृथ्वीपेक्षा थोडं कमीच आहे.) नायिका बेव्हर्ली गार्लंड सेटवर आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्याला एक लाथ घालून म्हणाली की हा जग जिंकणार का. मग त्याची उंची वाढवली, वर निमुळता शंकू आणि खाली ते रागीट तोंड. लोक त्याला गाजर म्हणतात, काकडी म्हणतात. माझं म्हणणं असं की ती आकृती लांबून पण एका नजरेत ओळखू येते आणि तशी आकृती काढणं खूप अवघड असतं. चूक झाली ती शेवटी त्याला गुहेतून बाहेर भर उन्हात आणण्याची. अंधारात जे भारी वाटतं ते उन्हात फोम दिसतं. आपण पण गणपतीची मूर्ती कारखान्याच्या ट्यूबलाइटखाली बघत नाही ना, मांडवात प्रकाश लावून बघतो.

त्याचं माझं सगळ्यात आवडतं काम म्हणजे १९५७ च्या ‘इन्व्हेजन ऑफ द सॉसर मेन’ मधले ठेंगू एलियन. कोबीच्या गड्ड्यासारखी मोठी डोकी, त्यावर शिरा, बाहेर आलेले डोळे, आणि बोटांच्या टोकाला सुया ज्यातून ते माणसात दारू टोचतात, त्यामुळे तरुण पोरांनी एलियन बघितले म्हटलं तर पोलीस म्हणतात प्यायलेत. कारेलीबागकर दादा, तुमच्या पार्किंगसाठी हाच सिनेमा घ्या असं मी म्हणेन. का ते सांगते. ह्या एलियनना कडक उजेड सहन होत नाही आणि शेवटी गावातली पोरं आपापल्या गाड्या घेऊन येतात, गोल उभ्या करतात आणि हेडलाइट टाकतात. आता विचार करा, हा सिनेमा गाडीत बसलेले लोक बघतायत! शेतात अंधारात दोनशे गाड्या उभ्या आहेत आणि पडद्यावर गाड्यांच्या दिव्यांनीच पृथ्वी वाचतेय. कुणी केलं असेल हे ठरवून ते माहीत नाही पण बसलंय एकदम. आणि जेमतेम सव्वा तासाचा आहे, छोटी मुलं पण बसतील.

रावपुरा_जुना:

बाळांनो, इथे सगळे अमेरिकेबद्दल लिहिताहेत, पण ड्राइव्ह-इन आपल्या दारात होतं हे विसरू नका. अहमदाबादला थलतेजला १९७३ साली सुरू झालं, ६६५ गाड्या मावायच्या. आम्ही बडोद्याहून जायचो. मेव्हण्याची ॲम्बॅसिडर होती, त्यात नऊ माणसं, एक्सप्रेसवे वगैरे काही नव्हता, जुन्या हायवेने नडियादवरून दोन-अडीच तास. डब्यात दशम्या, थेपले, बटाट्याची सुकी भाजी. गाडी लावली की गाडीत कुणीच बसायचं नाही, बाहेर सतरंज्या, गुजराती मंडळी तर गाद्या-तक्केच घेऊन यायची. लहान मुलं इंटरव्हलच्या आत झोपून जायची आणि त्यांना गाडीत सरकवायचं. परत घरी पोचायला पहाट. सिनेमा कुठला होता ते कित्येकदा आठवत नाही, पण एवढ्या मोठ्या आकाशाखाली एवढा मोठा चेहरा बघणं, ते वेगळंच होतं.

म्हणून एक सांगतो, प्रत्यक्ष अनुभवाचं. कोजागिरीला लावू नका. एक तर बडोद्यात शरद पूनमला गरबा असतो, तुमच्या सोसायटीतली अर्धी तरुण मंडळी तिकडे असणार आणि उरलेली दूध-पोहे करण्यात. दुसरं, पूर्ण चंद्र. उघड्या जागेत चंद्राचा उजेड पडद्यावर आला की काळा रंग काळा राहत नाही, राखाडी होतो, आणि हे सिनेमे सगळे अंधारावरच चालतात. पंचांग बघा, कोजागिरीनंतर आठवड्याने अष्टमीच्या आसपास चंद्र मध्यरात्रीकडे उगवतो, म्हणजे नऊ ते बारा चांगला अंधार मिळतो. शनिवार गाठा. पार्किंगचे दिवे घालवायला लावा, आणि समोरच्या बिल्डिंगच्या वॉचमनला पण सांगून ठेवा.

अमेरिकेत ड्राइव्ह-इन मागे पडण्याची बरीच कारणं आहेत, जमिनीचे भाव, टीव्ही, पण त्यातलं एक हे पण की १९६७ पासून जवळपास देशभर उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे न्यायला लागले, म्हणजे अंधार पडायलाच नऊ वाजले आणि खेळ सुरू व्हायला साडेनऊ. दुसऱ्या दिवशी ज्याला कामाला जायचंय तो कशाला येईल.

आणि अजून एक सांगायचंय, हे मी खास बडोदेकर म्हणून सांगतोय. दादासाहेब फाळके आपल्या कलाभवनात शिकले. मूर्ती, चित्र, फोटोग्राफी सगळं त्यांनी इथे हाताळलं. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी कुंडीत दाणा पेरून रोज थोडं थोडं चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ केली, पडद्यावर बघता बघता रोप उगवतं. आता १९५६ चा ‘अर्थ व्हर्सेस द फ्लाइंग सॉसर्स’ घ्या. त्यात तबकडी वॉशिंग्टनच्या इमारतींवर आदळते आणि इमारती कोसळतात. खरा मोडका सेट वेगवान कॅमेऱ्याने टिपायचा म्हणजे खर्च, तेवढे पैसे नव्हते. म्हणून रे हॅरीहाउसेनने पडणारा एकेक तुकडा बारीक तारांनी लटकवला आणि एकेक फ्रेमला थोडा थोडा खाली सरकवत पाडला. एक कुंडीतला अंकूर वर नेतोय आणि एक दगड खाली आणतोय, काम तेच, बैठक तीच. मुलांना हे दोन्ही सांगा. फाळक्यांचं नाव ऐकल्यावर आजोबा लोक पण खुर्ची पुढे घेतील.

निजामपुरा_आई:

सगळं वाचलं. मला मध्ये थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. कारेलीबागकर, तुम्ही स्वतःच लिहिलंय की तुम्ही कित्येक दिवस वडिलांची मान बघत होतात. एक आई म्हणून मी तेच वाचून थांबले. राक्षस आला, मेला, ह्याने मुलं घाबरत नाहीत, एक रात्र उशाशी दिवा ठेवला की झालं. पण आई-बाबा आई-बाबा राहिले नाहीत ही भीती आत जाऊन बसते आणि मुलं ते सांगत पण नाहीत. तुम्ही तर चाळीस वर्षं सांगितलं नाहीत. मग तोच सिनेमा आठ वर्षांच्या मुलांना रात्री दाखवायचा का? मोठ्यांना जरूर दाखवा.

दुसरं, बायकांचं काय. बहुतेक सिनेमांत बाई किंचाळते आणि कुणीतरी उचलून नेतं. बेव्हर्ली गार्लंडची लाथ वाचून बरं वाटलं, आणि मी शोधून बघितलं तर त्या सिनेमात ती बंदूक घेऊन एकटी गुहेत जाते. असे निवडा ना मग.

तबकडी१९४७:

ताई, मुद्दा एकदम बरोबर आहे आणि मी तो विचार केलाच नव्हता. मी क्रम मागे घेतो. छोट्यांसाठी ‘सॉसर मेन’ आणि ‘द ब्लॉब’, मग ब्रेक, छोटी मुलं झोपायला गेली की ‘इन्व्हेडर्स’ किंवा ‘बॉडी स्नॅचर्स’.

‘द ब्लॉब’ (१९५८) बद्दल सांगायलाच पाहिजे. हा हॉलीवूडचा नाहीच. पेन्सिल्व्हेनियातल्या लहान गावांत शूट केलेला, आणि करणारी मंडळी आधी चर्चसाठी धार्मिक फिल्मा बनवायची. खर्च साधारण १,१०,००० डॉलर. आकाशातून दगड पडतो आणि त्यातून निघालेला चिकट गोळा माणसं गिळत मोठा होत जातो. गोळा म्हणजे लाल रंग घातलेलं सिलिकोन. तो दारातून, भिंतीवरून सरकताना दाखवायचा तर छोटा सेट टेबलावर पक्का केला, कॅमेरा पण त्याच टेबलाला बांधला आणि सगळं टेबलच कललं. कॅमेरा सेटबरोबर कलतो म्हणून आपल्याला खोली सरळ दिसते आणि गोळा आपोआप चालल्यासारखा वाटतो. हे मुलांना घरी करता येईल, बुटाचा खोका, मोबाईल आणि जेली. हीरो स्टीव्ह मॅक्वीन, पहिलीच मोठी भूमिका, सत्तावीस वर्षांचा असून शाळकरी पोराचं काम. त्याला नफ्यात वाटा देऊ केला होता, त्याने रोख तीनेक हजार डॉलर घेतले, आणि सिनेमाने नंतर लाखो कमावले. त्यात गोळा थिएटरमध्ये शिरतो आणि लोक बाहेर पळत सुटतात, ते फिनिक्सव्हिलचं कलोनियल थिएटर आजही चालू आहे आणि गावातले लोक दरवर्षी जमून तसेच दारातून पळत बाहेर येतात.

पोरांना आवडेल अशी अजून एक गोष्ट, त्यातल्या मोठ्या माणसांना आधी पोरांचं पटतच नाही. ‘सॉसर मेन’मध्ये पण तेच, ‘इन्व्हेडर्स’मध्ये पण. तिकीट काढणारी पोरंच होती ना.

बायकांबद्दल तुमचं खरं आहे. ‘आय मॅरिड अ मॉन्स्टर फ्रॉम आउटर स्पेस’ (१९५८) नाव ऐकून सोडू नका, ती सगळी गोष्ट नवऱ्यात काहीतरी बदललंय हे ओळखणाऱ्या बायकोची आहे आणि ती एकटी त्याच्या मागावर जाते. मोठ्यांच्या यादीत तो घाला.

कारेलीबागकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं.

आधी शेवटाचं. माझ्या आठवणीत स्वप्न नाहीच आहे. मुलाला झोपवतात आणि संपतो. म्हणजे आमच्याकडे ती ब्रिटनवाली आवृत्ती आली होती बहुतेक. काल रात्री मी अमेरिकन आवृत्ती बघितली आणि स्वप्न म्हटल्यावर मला रागच आला, एवढं सगळं झालं आणि स्वप्न? पण मग लगेच परत खिडकीत उजेड येतो तेव्हा मात्र मी एकटाच बसलो होतो तरी मागे वळून बघितलं. पाठीवरची चेन दिसली. लहानपणी ती दिसली नव्हती किंवा दिसूनही मला काही वाटलं नसणार.

निजामपुरा आई, तुमचं पोस्ट दोनदा वाचलं. छोट्यांना ‘इन्व्हेडर्स’ दाखवणार नाही. मला ती भीती लागली कारण मी बोललो नाही, आणि बोललो नाही कारण बाबा दमलेले असायचे. बाबा आता ७९ वर्षांचे आहेत, आमच्याकडेच असतात. त्यांना परवा जेवताना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले नाइट शिफ्टला मानेला टॉवेल गुंडाळलेला असायचा, गरम व्हायचं, त्याचे लाल वळ उठायचे. म्हणजे खूण खरंच होती! मला ती कधी दिसली होती का ते आता आठवत नाही.

तारीख बदलली. काका, पंचांग बघून कोजागिरीनंतरचा दुसरा शनिवार धरलाय, कमिटी तयार आहे. पहिल्या खेपेला ‘सॉसर मेन’ आणि ‘ब्लॉब’, साडेआठला सुरू. अकरा-सव्वाअकरानंतर मोठ्यांसाठी ‘बॉडी स्नॅचर्स’. सगळे सिनेमे इंग्रजी आहेत, आजी मंडळींसाठी कुणीतरी पडद्याशेजारी उभं राहून मराठीत दोन दोन वाक्यांत सांगितलं तर चालेल का? मुक्या सिनेमांच्या काळात असं करायचे असं वाचलंय.

आणि शिल्पवाल्या ताईंना विनंती, जमलं तर त्या संध्याकाळी अर्धा तास या. मुलांना फोमचं एक डोकं करून दाखवाल का, कोबीच्या गड्ड्याचं? सामान आम्ही आणतो.

फतेहगंज_शिल्प:

येते की. चार इंची फोमचा एक ब्लॉक, एसआरचा डबा, दोन लांब ब्लेडचे कटर आणि जुनी पांढरी बनियन आणून ठेवा. एसआरचा वास डोक्यात जातो त्यामुळे पार्किंगच्या उघड्या बाजूला टेबल लावा आणि चिकटवायचं काम मीच करेन, मुलांनी फक्त रंगवायचं. डोळ्यांना प्लॅस्टिकचे बॉल मी आणते. मोठ्या मुलांपैकी एकाने आत शिरायची तयारी ठेवावी, शक्यतो ठेंगू पाहिजे, आणि पाणी जवळ ठेवा, आत खूप गरम होतं.

रावपुरा_जुना:

मराठीत सांगायला मी उभा राहतो. आधी तिन्ही सिनेमे एकदा मला घरी बघायला द्या म्हणजे कुठे थांबायचं ते कळेल, शेंगा भरायच्या प्रसंगात मी काही बोलणार नाही. आणि ‘सॉसर मेन’ संपताना ज्यांच्या ॲक्टिव्हा आणि गाड्या पार्किंगच्या कडेला उभ्या असतील त्यांना सांगून ठेवा, माझा हात वर झाला की सगळ्यांनी हेडलाइट टाकायचे. पडद्यावर नाही, ताईंनी केलेल्या त्या डोक्यावर.